घर आणि विद्या : ‘तुला काय वाटतें?’

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एका विषयाचीं पत्रें वरचेवर येऊं लागलीं आहेत. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झालेली असते. पुढील शिक्षणासाठीं परदेशच्या विद्यापीठाकडे अर्ज केलेला असतो. आणि प्रवेशापूर्वीं इंग्रजी भाषेच्या ज्ञानाची एक परीक्षा देऊन तिचा निकाल सादर करावा, अशी अट विद्यापीठानें घातलेली असते. या परीक्षेची तयारी घरीं कशी करून घ्यावी, असा पत्रलेखकांचा प्रश्न आहे. यांतील बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकानें आढळतें, तें असें : ‘आमच्या घरांत तीन पिढ्या इंग्रजी आहे, तरीही मुलीला हवे तितके गुण मिळाले नाहींत.’ या ‘तरीही’ शब्दांत जें आश्चर्य आणि जो थोडासा अपमान भरलेला आहे, त्याविषयींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम परीक्षेचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण तें नीट न पाहतांच पुष्कळ घरांत तयारीस आरंभ होतो. अशा परीक्षा एकाहून अधिक आहेत. अमेरिकेंतील ‘टोफेल’ ही १९६४ सालापासून चालूं आहे. तिची मांडणी व गुण देण्याची रीत मधून मधून बदलत आलेली आहे. म्हणून ती देणाऱ्यानें त्या संस्थेचें चालूं वर्षाचें माहितीपत्रकच पाहावें, थोरल्या भावाच्या जुन्या वहीवर विसंबूं नये. दुसरी परीक्षा ‘आयेल्ट्स’. ही १९८९ सालीं सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्थांची ती सामायिक आहे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या आपल्या मुलांचा संबंध बहुधा हिच्याशींच येतो, म्हणून आजचें विवेचन हिच्याच अनुरोधानें करीत आहें.

हिचे भाग चार : श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण. श्रवणास सुमारें ३० मिनिटें व ४० प्रश्न. वाचनास ६० मिनिटें, तीन दीर्घ उतारे व पुन्हां ४० प्रश्न. लेखनास ६० मिनिटें असून त्यांत दोन लेख लिहावयाचे असतात. उच्च शिक्षणासाठीं जाणाऱ्यांस पहिल्या लेखांत एखादा आलेख, कोष्टक किंवा आकृति देऊन तिचें वर्णन निदान १५० शब्दांत करावयास सांगतात. दुसरा निबंध निदान २५० शब्दांचा असतो आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असतें. संभाषण ११ ते १४ मिनिटांचें, परीक्षकाबरोबर प्रत्यक्ष बोलून. प्रत्येक भागास ० पासून ९ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीनें गुण देतात आणि चारांच्या सरासरीवरून एकंदर गुण ठरवितात. या परीक्षेंत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा प्रकारच नाहीं. किती गुण पुरेसे, हें ज्या त्या विद्यापीठानें ठरवावयाचें असतें. आणि पुष्कळ विद्यापीठें एकंदर गुणांबरोबरच प्रत्येक भागांतही अमुक इतके हवेतच, असें सांगतात. ही दुसरी अट लहान अक्षरांत असते आणि ती घरांत कोणी वाचीत नाहीं.

नाशिकास आमच्या एका स्नेह्यांचें घर आहे. घरांत आजोबा-आजी, दोन मुलगे, सुना आणि नातवंडें एकाच छपराखालीं नांदतात. आजोबांनीं सारी हयात शाळेंत इंग्रजी शिकविण्यांत घालविली. त्यांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी साठीला आला तरी त्यांच्यासमोर क्रियापद चुकवीत नाहीं. त्यांची थोरली नात संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि इंग्लंडमधील एका विद्यापीठानें तिला प्रवेश देऊं केला. अट एवढीच कीं, इंग्रजीच्या परीक्षेंत एकंदर ६.५ गुण असावेत आणि कोणत्याही भागांत ६ हून कमी नसावेत. घरांतील सर्वांनीं ही अट हंसण्यावारी नेली. निकाल आला तो असा : श्रवण ८, वाचन ७.५, संभाषण ६, लेखन ५.५. बेरीज २७, सरासरी पावणेसात, नियमाप्रमाणें ती पुढच्या अर्ध्यापर्यंत पूर्ण होऊन एकंदर गुण ७. हवे होते त्याहून अधिक! आणि तरीही लेखनाच्या त्या अर्ध्या गुणानें दार बंद झालें, कारण मुदतीपूर्वीं पुन्हां परीक्षेस बसून निकाल हातीं येण्यास अवकाशच राहिला नव्हता.

मी त्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्यांच्या घरीं गेलों होतों. परीक्षकाचीच चूक असली पाहिजे, असें घरांतील एका पक्षाचें म्हणणें होतें. निकालानंतर सहा आठवड्यांच्या आंत फेरतपासणीसाठीं अर्ज करतां येतो आणि गुण बदलल्यास तिचें शुल्क परत मिळतें. तो अर्ज करावा कीं करूं नये, याचा खल चालला होता. उत्तरपत्रिका परत मिळत नसल्यामुळें कोणालाच कांहीं निश्चित सांगतां येईना. शेवटीं आजोबा म्हणाले, “तिनं सरावासाठीं लिहिलेले निबंध आणा पाहूं.” वही आली. चष्मा पुसून आजोबांनीं एक निबंध दोनदां वाचला आणि वही माझ्या हातीं दिली. “यांत व्याकरणाची एक चूक दाखवा!” असें ते म्हणाले, आणि खरोखरच मला एकही दाखवितां आली नाहीं.

निबंधाचा विषय असा होता : नोकरी लागल्यावर तरुणांनीं आईबापांच्याच घरीं राहावें, असें कांहीं लोकांचें मत आहे, त्यांनीं स्वतंत्र बिऱ्हाड करावें, असें दुसरे म्हणतात, दोन्ही बाजूंची चर्चा करून स्वतःचें मत द्या. निबंधाचा आरंभ आधुनिक युगाच्या गौरवानें झाला होता. पुढें एका बाजूचे तीन फायदे, दुसऱ्या बाजूचे तीन फायदे, आणि शेवटीं नाण्याला दोन बाजू असतात व सुवर्णमध्य साधावा हा उपदेश. शब्द भारदस्त होते. कांहीं तर इतके कीं, ते बोलतांना कोणी वापरील असें वाटेना. चौकशीअंतीं कळलें कीं, ती ज्या शिकवणीवर्गास जात होती तेथें हा सांचा सर्वांनाच पाठ करून घेत असत. विषय कोणताही येवो, त्यांत चार नांवें बदलून भरावयाचीं.

मी तिला विचारलें, “बेटा, यांत तुझं मत कुठं आहे?”

तिनें वही घेतली, पानें उलटलीं, आणि हळूच म्हणाली, “नाहींच आहे, काका. दोन्ही बाजू मांडल्या म्हणजे झालं, असं मला वाटलं.” मग थोडें थांबून ती आजोबांकडे न पाहतां म्हणाली, “आणि खरं सांगूं का, मला काय वाटतं हें लिहायला बसलें, तर कांहीं सुचेचना. तसं मला कोणी कधीं विचारलेलं नाहीं.”

घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. आजींनीं मात्र चहाचे पेले उचलले आणि त्या आंत गेल्या.

लेखनाचे गुण देतांना परीक्षक चार गोष्टी पाहतात आणि चारींना सारखेंच महत्त्व देतात. पहिली, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे काय आणि तें कारणांनीं व उदाहरणांनीं भरून काढलें आहे काय, दुसरी, विचारांची मांडणी सुसंगत आहे काय, तिसरी शब्दसंपत्ति, चौथी व्याकरण. आमच्या आजोबांनीं आयुष्यभर चौथी गोष्ट तपासली. शिकवणीवर्गानें तिसरीवर भर दिला. पहिल्या दोन गोष्टी, म्हणजे अर्धे गुण, कोणाच्याच खिजगणतींत नव्हते. पाठ केलेलीं वाक्यें ओळखण्याची परीक्षकांना संवय असते आणि अशा वाक्यांचें श्रेय उमेदवारास मिळत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या ५.५ गुणांत अन्याय दिसत नाहीं. प्रश्नानें मत मागितलें होतें; मुलीनें आदब दाखविली.

संभाषणांतही तेंच झालें होतें. या भागाचे तीन टप्पे असतात. प्रथम चारपांच मिनिटें स्वतःविषयीं, घर-गांवाविषयीं साधे प्रश्न. नंतर एका कार्डावर विषय देऊन एक मिनिट विचारास देतात आणि मग एक ते दोन मिनिटें अखंड बोलावयास सांगतात. शेवटीं त्याच विषयाला धरून अधिक खोल प्रश्न : असें कां होत असावें, पूर्वीं काय होतें, पुढें काय होईल. आमची ही मुलगी पहिल्या टप्प्यांत नीट बोलली; पण तिसऱ्यांत परीक्षकानें ‘कां?’ असें विचारतांच तिचें उत्तर आंखडूं लागलें. हें कां व्हावें, याचा विचार करतां मला एक गोष्ट सुचली, ती वाचकांपुढें ठेवतों. आपल्या घरांत वडील माणसानें मुलाला ‘कां?’ असें विचारलें, तर तो बहुधा प्रश्न नसतो; ती कानउघाडणी असते. ‘उशीर कां झाला?’, ‘हें कां केलंस?’ याचें योग्य उत्तर म्हणजे मान खालीं घालणें, हें मूल लहानपणींच शिकतें. परीक्षकाचा ‘कां?’ हा मात्र बोलण्याचें आमंत्रण असतो. शब्द एक, अर्थ दोन. आणि वीस वर्षांची संवय चौदा मिनिटांत सुटत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मत मांडण्याची ही पाश्चात्त्य रीत आहे, आपली नव्हे. तसें म्हणणाऱ्यांनीं आनंदीबाई जोशी यांचें स्मरण करावें. १८८३ सालच्या फेब्रुवारींत, वयाचीं अठरा वर्षेंही पुरीं झालीं नसतांना, त्यांनीं कलकत्त्याजवळील श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहांत इंग्रजींतून जाहीर भाषण केलें. वैद्यक शिकण्यासाठीं त्या अमेरिकेस निघाल्या होत्या आणि त्यावरून चहूंकडून टीका चालूं होती. त्या भाषणांत त्यांनीं लोकांचे आक्षेप सहा प्रश्नांच्या रूपानें स्वतःच मांडले : अमेरिकेस कां जातां, येथें शिकण्याची सोय नाहीं काय, एकट्या कां जातां, परत आल्यावर जातिबहिष्कृत व्हाल त्याचें काय, संकट आलें तर काय कराल, आणि आजवर कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें. मग एकेका प्रश्नास त्यांनीं क्रमानें उत्तर दिलें. आज आयेल्ट्सचा परीक्षक ज्या गुणांची अपेक्षा करतो, म्हणजे प्रश्न समजून घेणें, विरुद्ध पक्ष प्रामाणिकपणें मांडणें, आपलें मत स्पष्ट सांगणें आणि त्याचीं कारणें देणें, ते सर्व गुण त्या भाषणाच्या रचनेंत आहेत. आनंदीबाईंना उत्तरें देतां आलीं, कारण तीं त्यांचीं स्वतःचीं होतीं. त्या पुढें १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाल्या, हें सर्वांस ठाऊक आहेच.

तेव्हां तयारीचा आरंभ कोठून करावयाचा? माझें उत्तर असें कीं, जेवणानंतरच्या घरच्या बैठकींतून, आणि तोही मराठींत. ज्याला एखाद्या गोष्टीविषयीं मराठींत दोन मिनिटें बोलतां येत नाहीं, त्याला तें इंग्रजींत येणार नाहीं. त्याची अडचण भाषेची नसून विचाराची आहे. नाशिकच्या त्या घरांत आम्ही त्याच रात्रीं एक नियम ठरविला, आणि तो पुढें तीन महिने पाळला गेला. रोज एकानें एक विषय चिठ्ठीवर लिहून द्यावा. विषय घरगुती असावा : मुलांच्या हातीं फोन केव्हां द्यावा, लग्नांत खर्च किती करावा, जुनी वास्तु पाडावी कीं राखावी. नातीनें एक मिनिट कागदावर चार टिपणें करावींत आणि घड्याळ लावून दोन मिनिटें बोलावें. पहिल्या दिवशीं मराठींत, दुसऱ्या दिवशीं तोच विषय इंग्रजींत. इतरांनीं मध्यें बोलूं नये, हंसूं नये, चूक सुधारूं नये. बोलणें संपल्यावर प्रत्येकानें एकच प्रश्न विचारावा, आणि तो ‘कां?’ किंवा ‘उदाहरण दे’ यांपैकींच असावा. बोलणें फोनवर ध्वनिमुद्रित करून तिनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं एकटीनें ऐकावें. आपण कोठें अडखळतों, तोच शब्द किती वेळां वापरतों, हें दुसऱ्यानें सांगण्यापेक्षां स्वतःच्या कानांनीं ऐकलेलें अधिक उपयोगी पडतें.

आजोबांना मध्यें न बोलण्याचा नियम फार जड गेला, हें सांगितलें पाहिजे. म्हणून त्यांच्याकडे दुसरें काम दिलें. मराठी माणसाच्या इंग्रजींत कांहीं चुका आपल्या मातृभाषेमुळेंच होतात. नामापूर्वीं येणारें ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ हें उपपद मराठींत नाहीं, त्यामुळें तें गाळलें जातें किंवा भलत्या ठिकाणीं पडतें. ‘मी येथें पांच वर्षांपासून राहतों’ हें मराठींत वर्तमानकाळानें म्हणतां येतें. इंग्रजींत तेथें निराळें क्रियारूप लागतें. लिहितांना ‘व’ आणि ‘व्ह’ असा भेद आपण करतों, बोलतांना मात्र दोन्ही एकच करून टाकतों. अशा चुकांची यादी आजोबांनीं करावी आणि आठवड्यांतून एकदां, रविवारीं सकाळीं, ती नातीपुढें ठेवावी, असें ठरलें. उच्चाराविषयीं एवढेंच सांगतों कीं, इंग्रजांच्या हेलाची नक्कल करण्याचें कारण नाहीं. ऐकणाऱ्यास शब्द सहज कळावा, आघात योग्य जागीं पडावा, इतकेंच अपेक्षित असतें. उसना हेल पहिल्या दोन मिनिटांत गळून पडतो आणि बोलणाराचें लक्ष मात्र त्यांतच अडकून राहतें.

लेखनासाठीं आठवड्यांतून दोन निबंध घड्याळ लावून लिहावेत. पहिल्या लेखास २० मिनिटें आणि दुसऱ्यास ४० ही वांटणी कधीं मोडूं नये, कारण जड पारडें दुसऱ्याचें आहे. चाळीसांतील पहिलीं पांच मिनिटें लेखणी न उचलतां विचारास द्यावींत : माझें मत काय, कारणें कोणतीं दोन, प्रत्येकास उदाहरण कोणतें. मत पहिल्याच परिच्छेदांत सांगावें आणि शेवटपर्यंत तें बदलूं नये. २५० शब्दांहून कमी लिहिल्यास गुण जातात; म्हणून आपल्या अक्षरांत तितके शब्द म्हणजे किती ओळी होतात, हें एकदां मोजून ठेवावें. परीक्षा संगणकावर द्यावयाची असल्यास सरावही संगणकावरच करावा. आलेखाच्या लेखांत मात्र याच्या उलट वागावें. तेथें स्वतःचें मत, कारणमीमांसा, उपदेश कांहीं नको. जें दिसतें त्यांतील ठळक तेवढें निवडून सांगावें.

श्रवण आणि वाचन यांत आपल्या मुलांस सहसा चांगले गुण मिळतात, तरी तेथेंही दोन ठिकाणीं पाय घसरतो. श्रवणांत ध्वनिफीत एकदांच ऐकवितात. घरीं सराव करतांना पुन्हां मागें नेऊन ऐकण्याची खोड लागली, तर प्रत्यक्ष परीक्षेंत एक उत्तर हुकल्याबरोबर मन त्यामागें धांवतें आणि पुढचीं तीन जातात. हुकलें तें सोडून द्यावें, ही शिस्तच शिकावयाची असते. शिवाय उत्तराचें शुद्धलेखन चुकलें तर तें उत्तर चूकच धरतात, आणि ‘दोनांहून अधिक शब्द नकोत’ असें सांगितलें असतां तीन लिहिले तर तेंही वायां जातें. वाचनांत एका प्रकारच्या प्रश्नांस ‘खरें’, ‘खोटें’ आणि ‘दिलेलें नाहीं’ अशीं तीन उत्तरें असतात. यांत बहुश्रुत मुलेंच अधिक फसतात; कारण गोष्ट खरी असल्याचें त्यांना इतरत्र वाचून ठाऊक असतें आणि तीं ‘खरें’ लिहून मोकळीं होतात. प्रश्न उताऱ्यांत काय आहे हा असतो, जगांत काय आहे हा नव्हे. चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहींत, म्हणून एकही जागा रिकामी सोडूं नये. सरावासाठीं केंब्रिजनें प्रसिद्ध केलेलीं पुस्तकें घ्यावींत. त्यांत एकेकांत चार पूर्ण प्रश्नपत्रिका असतात. त्या सुट्या सुट्या सोडवून उधळूं नयेत. एका बैठकींत एक, अशा पुरवून वापराव्या.

आतां कर्त्या माणसांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. विद्यापीठ कोणती परीक्षा ग्राह्य धरतें, एकंदर किती गुण मागतें आणि प्रत्येक भागांत किती, हें त्याच्याकडूनच लेखी विचारून घ्यावें. पारपत्र आधींच काढून ठेवावें, कारण आपल्याकडे परीक्षेच्या दिवशीं ओळख म्हणून तेंच दाखवावें लागतें, आणि अर्जांतील नांव त्यावरील नांवाशीं जुळलें पाहिजे. निकाल दोन वर्षें ग्राह्य असतो, तेव्हां फार आधीं घाई करण्यांत अर्थ नाहीं. पण मुदतीच्या तोंडावरही जाऊं नये. एकदां कमी गुण पडले तर पुन्हां बसतां येईल, इतका अवकाश व तितके पैसे हिशेबांत धरूनच तारीख ठरवावी. नाशिकच्या घरीं नेमका हाच हिशेब राहून गेला आणि त्यापायीं मुलीचें एक वर्ष गेलें.

तें वर्ष फुकट मात्र गेलें नाहीं. तीन महिन्यांनीं ती पुन्हां परीक्षेस बसली. संभाषणांत ७ आणि लेखनांत ६.५ गुण मिळाले, आणि विद्यापीठानें पुढील वर्षासाठीं तिचा प्रवेश मान्य केला. परंतु मला सांगावयाचें आहे तें या गुणांविषयीं नव्हे. त्यापूर्वींच्या एका रविवारविषयीं.

त्या सकाळीं मी तेथें होतों. मुलीनें तो पहिलाच विषय, नोकरी लागल्यावर आईबापांच्या घरीं राहावें कीं स्वतंत्र, पुन्हां लिहिला होता आणि तो तिनें सर्वांसमोर वाचून दाखविला. या वेळीं आधुनिक युगाचा गौरव नव्हता. पहिल्याच परिच्छेदांत तिनें लिहिलें होतें कीं, तरुणांनीं कांहीं वर्षें तरी वेगळें राहावें असें तिचें मत आहे. कारणें दोन दिलीं होतीं. एक, स्वतःच्या पैशांत महिना कसा काढावा हें चुकल्याखेरीज कळत नाहीं, आणि मोठ्या घरांत चूक होण्याआधींच कोणीतरी ती सांवरून घेतें. दुसरें, जो बाहेर राहून परत येतो तो आपल्या इच्छेनें येतो; जो कधीं गेलाच नाहीं, त्याचें राहणें प्रेमानें आहे कीं संवयीनें, हें त्याचें त्यालाही कळत नाहीं. शब्द सारे साधे होते. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. ज्या घरांत चार पिढ्यांत कोणी वेगळें बिऱ्हाड केलें नाहीं, त्या घरांत तो निबंध वाचला गेला होता.

प्रथम आजी बोलल्या. “मला पटलं नाहीं हो,” त्या म्हणाल्या, “पण कळलं.”

आजोबांनीं वहीसाठीं हात पुढें केला. तांबडी लेखणी उघडून त्यांनीं सबंध निबंध सावकाश वाचला, एका ठिकाणीं राहून गेलेलें ‘द’ घातलें, आणि वही परत दिली. मग म्हणाले, “दुसरं कारण पहिलं घे. तें अधिक बळकट आहे.”

ज्या घरांतून मला पत्रें येतात, त्या सर्वांना माझें सांगणें एवढेंच आहे. पुस्तकें अवश्य घ्यावीं, जरूर वाटल्यास शिकवणीही लावावी. परंतु जी गोष्ट परीक्षक मागतो ती विकत मिळत नाहीं. मुलाला ‘तुला काय वाटतें?’ असें आधीं घरांतच कोणीतरी विचारलें पाहिजे. आणि विचारणाऱ्यानें येणारें उत्तर ऐकून घेण्याचीही तयारी ठेविली पाहिजे. कारण तें उत्तर नेहमींच आपल्या आवडीचें असेल, असा भरंवसा कोणालाही देतां येणार नाहीं.